बेळगावच्या हवेत कार्बन नॅनोफायबर : सुपरकॅपॅसिटरच्या इलेक्ट्रोडची कृती आणि फसायच्या जागा

कार्बन नॅनोफायबर म्हणजे पॉलिमरच्या सोल्यूशनमधून काढलेले आणि भट्टीत भाजून कार्बन केलेले अतिबारीक तंतू. त्यांचा इलेक्ट्रोड करायला घेतला की सगळ्यांचं लक्ष लगेच ॲक्टिव्हेशनवर, म्हणजे कार्बनला बारीक छिद्रं पाडण्यावर, जातं. पृष्ठभाग किती आला, फॅरड (धारितेचं, म्हणजे चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं एकक) किती आले, एवढंच विचारलं जातं. खरं तर इलेक्ट्रोड बिघडायचा असेल तर तो त्याच्या बराच आधी बिघडलेला असतो : डीएमएफ (डायमिथाइल फॉर्ममाइड) या द्रावकाच्या बाटलीत, खोलीतल्या दमटपणात, नाहीतर २८० अंशांच्या भट्टीत. म्हणून इथे याच तीन जागांवर जास्त लिहितोय. डोळ्यासमोर आहेत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली इंजिनिअरिंगची आणि एम.एस्सी.ची मुलं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथंच मच्छे गावात आहे, तेव्हा प्रोजेक्टची घाई म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

सुपरकॅपॅसिटर म्हणजे दोन सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड, मधे त्यांना एकमेकांना टेकू न देणारा सेपरेटर, आणि या सगळ्यात मुरलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन असलेलं द्रावण. चार्ज करताना आयन कार्बनच्या पृष्ठभागाशी येऊन जमतात, डिस्चार्ज करताना सुटतात. रासायनिक क्रिया जवळपास नसतेच, म्हणून हा लाखो सायकली चालतो. साठवण मात्र तोकडी : बाजारातला सुपरकॅपॅसिटर साधारण ५ ते १० वॉट-तास प्रति किलो, तर लिथियम-आयन बॅटरी १५० ते २५०. बाजारातल्या मालात बहुधा नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या पदार्थात) कालवून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेला असतो. नॅनोफायबरची चटई आपल्या आपण उभी राहते. तिला बाइंडर लागत नाही, वीज वाहायला वेगळा कार्बन ब्लॅक (कार्बनची पूड) लागत नाही, आणि विजेला तंतूतून सलग वाट मिळते. नॅनोफायबरच्या मागे लागायचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

सोल्यूशन

पॅन, म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइल, सरासरी रेणुभार १,५०,००० चं घ्यावं. स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीतही हेच असतं, पण लोकर विरघळवून काम भागवू नये. तिच्यात दुसरे मोनोमर, रंग आणि फिनिशिंगचं तेल असतं. १ ग्रॅम पॅनला ९ ग्रॅम डीएमएफ, म्हणजे साधारण ९.५ मि.लि. हे वजनाने १० टक्के सोल्यूशन झालं. पॅन आदल्या रात्री ६० अंशांवर वाळवून ठेवायचं. डीएमएफ थंड असतानाच पावडर थोडी थोडी सोडत ढवळायची आणि मग ६० अंशांवर रात्रभर ढवळत ठेवायचं. गरम डीएमएफमध्ये पावडर एकदम ओतली की बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात, ते दुसऱ्या दिवशीही सुटत नाहीत. ८० अंशांच्या वर नेलं की सोल्यूशन पिवळं-नारिंगी पडायला लागतं.

डीएमएफ हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टपर्यंत अर्धवट बुचावर राहिली तर तिच्यात केलेलं सोल्यूशन गढूळ दिसतं, कधी जेलीसारखं घट्ट होतं, कारण पाणी हे पॅनचं वैरी : ते आलं की पॅन विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडू लागतं. बाटलीला मासळीसारखा वास यायला लागला असेल तर डीएमएफ फुटून डायमिथाइल अमाइन सुटतंय, ती बाटली या कामातून बाद. चांगली बाटली उघडल्यावर तिच्यात ४ए मॉलेक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) टाकून ठेवावेत, आणि बाटली लहान घ्यावी. ५०० मि.लि. पुष्कळ झालं.

हातमोज्यांचं इथेच सांगतो, कारण लॅबमध्ये निळे नायट्राइल मोजे घालून लोक निर्धास्त असतात. डीएमएफ नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार जातं आणि कातडीतून शरीरात शिरतं. यकृतावर त्याचा परिणाम होतो. ब्यूटाइल रबरचे मोजे हवेत. नायट्राइलवर थेंब पडला तर ते तिथल्या तिथे काढून टाकायचे, धुऊन परत घालायचे नाहीत. उरलेलं सोल्यूशन बेसिनमध्ये सोडायचं नाही. जुन्या बेळगावात विहिरींचं पाणी अजून वापरात आहे. नाव लिहिलेल्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्यायचं.

पाऊस आणि सुई

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे सुईला उच्च व्होल्टेज देऊन सोल्यूशनची बारीक धार फिरत्या ड्रमवर ओढणं आणि तंतूंची चटई जमवणं. त्याचे सुरुवातीचे आकडे असे ठेवावेत : २१ किंवा २२ गेजची बोथट सुई, १५ ते १८ किलोव्होल्ट, सुई ते ड्रम १५ सेंमी, प्रवाह तासाला १ मि.लि., ड्रमवर ॲल्युमिनियम फॉइल, फेरे मिनिटाला दोनशे-तीनशे. सुईच्या टोकाशी छोटा शंकू दिसला पाहिजे आणि त्याच्या टोकातून एकच धार निघाली पाहिजे. टोकाशी थेंब लोंबून खाली पडत असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. शंकू आत ओढला जाऊन धार सुईच्या कडेवरून निघत असेल तर उलट. तंतूंवर मणी दिसले तर सोल्यूशन पातळ आहे, १ टक्का वाढवावं. मणी असलेली चटई पुढे चालत नाही असं नाही, पण मण्यांचं वजन तेवढं फुकट जातं.

ताशी १ मि.लि. ने ५ मि.लि. संपायला ५ तास, आणि त्यात पॅन जेमतेम ०.४८ ग्रॅम. ते २० × २५ सेंमीच्या फॉइलवर पसरलं तर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास. भट्टीतून निघेपर्यंत वजन निम्म्याहून कमी होतं, क्षेत्रफळही आटतं, आणि हाती ०.६ ते ०.७ मिलिग्रॅम उरतो. हे फार कमी आहे. म्हणून पट्टा अरुंद करावा, २० × ८ सेंमी, म्हणजे तेवढ्याच सोल्यूशनमध्ये तिप्पट जाड चटई मिळते. ड्रमच्या उरलेल्या भागावर इन्सुलेशन टेप मारली की धार बऱ्यापैकी पट्ट्यावरच राहते.

आता दमटपणा. या कामाला सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के सगळ्यात सोयीची. अथणी-रायबागकडे हे वर्षातले बरेच महिने आपोआप मिळतं, तो पर्जन्यछायेचा भाग. बेळगाव-खानापुरात मात्र पाऊस एकदा लागला की चार महिने खोलीतला काटा ८०-९० खाली यायचं नाव घेत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे तर बघायलाच नको. एवढ्या दमट हवेत धार उडतानाच तिच्यात पाणी शिरतं, पॅन आत न वाळता बाहेरून गोठतं, तंतू खडबडीत आणि भोकाभोकांचे होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही भोकं बघून 'छान, आयती छिद्रं मिळाली' असं वाटतं. ती आयनच्या उपयोगाची नसतात. भोकं पन्नास-शंभर नॅनोमीटरची, त्यांनी पृष्ठभाग नावाला वाढतो आणि तंतू मात्र ठिसूळ होतो. शिवाय सुईच्या टोकावर पॅनचं पांढरं बोंड धरतं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ते पुसत बसावं लागतं.

उपाय अवघड नाही, हिशेब कळला पाहिजे. सुई आणि ड्रम ज्यात ठेवतात ती ६० सेंमी बाजूची ॲक्रिलिकची पेटी म्हणजे २१६ लिटर हवा. २५ अंशांवर ९० टक्के आर्द्रतेवरून ४५ वर यायला तेवढ्या हवेतून फक्त सव्वादोन ग्रॅम पाणी काढायचं असतं. अर्धा किलो सिलिका जेल ते चुटकीसरशी ओढतं. मग लोकांची पेटी कोरडी का होत नाही? कारण एक्झॉस्टचा पंखा पूर्ण वेगाने चालू असतो आणि तो बाहेरची ओली हवा सतत आत खेचतो. पंखा बंद करूनही भागत नाही : ५ मि.लि. सोल्यूशनमधून सव्वाचार ग्रॅमच्या वर डीएमएफ उडतं, आणि २१६ लिटर बंद हवेत तेवढी वाफ मावतच नाही. तंतू ओलेच ड्रमवर पडतात आणि एकमेकांना चिकटून पातळ फिल्म होते. म्हणून पंखा अगदी मंद ठेवायचा आणि आत येणारी हवा एकाच वाटेने, सिलिका जेल भरलेल्या नळीतून घ्यायची. बाकीच्या फटी बुजवायच्या. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत वापरायचं. आर्द्रतेचा काटा पेटीच्या आत, ड्रमच्या उंचीला, पण धारेपासून लांब.

मार्च-एप्रिलच्या दुपारी उलटं होतं. आर्द्रता पंचविशीच्या खाली गेली की धार टोकाशीच वाळते आणि तंतू पेटीच्या भिंतींवर, वायरीवर, कुठेही जाऊन बसतात. तेव्हा आत ओलं फडकं ठेवलं तरी पुरतं.

काम थांबल्यावर पुरवठा बंद केला तरी सुईवर चार्ज उरतो. अर्थिंगच्या काठीने सुई टेकवून मगच हात आत घालायचा. वीज गेली असेल तर दुप्पट काळजी, कारण ती परत कधी येईल ते आपल्या हातात नाही. आधी स्विच बंद, मग दार.

२८० अंश

चटई फॉइलवरून सोडवून, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर ठेवायची. आत राहिलेलं डीएमएफ तापल्यावर तंतूंना मऊ करतं आणि ते सांध्यांवर वितळून एक होतात. फॉइल काढायला विसरू नये; ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पुढची नळी कायमची खराब होते.

यानंतरची पायरी, स्टॅबिलायझेशन, सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात निर्णायक. हवेत मिनिटाला १ अंश या वेगाने २८० अंशांपर्यंत, तिथे एक तास. खोलीच्या तापमानापासून धरलं तर चढायलाच चार तासांच्या वर जातात. या वेळात पॅनच्या साखळीवरचे नायट्राइल गट शेजाऱ्याला जोडले जाऊन शिडीसारखी रचना होते, हायड्रोजन निघून जातो, ऑक्सिजन आत शिरतो. ही शिडी झाली की तंतू पुढे वितळत नाही. ती व्हायच्या आधी तापवला तर वितळतो.

घाई इथे का चालत नाही, तर ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते. मिनिटाला ५ अंशांनी नेलं तर २२० ते २७० च्या दरम्यान चटईचं तापमान भट्टीच्या काट्यापेक्षा वर पळतं. काटा दाखवतो भट्टीच्या पोकळीतली उष्णता. चटईच्या पोटात काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. चार-पाच चटया एकावर एक रचून ठेवल्या तर मधली चटई जळते किंवा काचेसारखी चिकटून येते, आणि वरची मात्र अगदी व्यवस्थित दिसते. दोनपेक्षा जास्त थर नकोत. भट्टीचं वरचं छिद्र उघडं हवं, कारण ऑक्सिजन लागतो, आणि धूर बाहेर काढणारा पाइप हूडमध्ये (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात). या टप्प्यावर हायड्रोजन सायनाइड आणि अमोनिया सुटतात. अर्धा ग्रॅम पॅन म्हणजे वायू थोडाच, पण तो सायनाइड आहे. टेबलावर उघडी मफल भट्टी ठेवून हे करायचंच नाही.

चटई आटायला बघते. मोकळी ठेवली तर सुरळी होते आणि नंतर सरळ करताना तुटते. स्टीलच्या चौकटीवर चारी बाजूंनी क्लिपा लावून ताणून धरावी. दोन फरशांमध्ये घट्ट दाबून ठेवू नये, हवा पोचत नाही आणि मधला भाग फिका राहतो. रंगावरून बरंच कळतं : पांढऱ्यावर पिवळी झाक येते, मग बेळगावी कुंद्याचा, त्या खव्याच्या मिठाईचा, खरपूस तपकिरी रंग, आणि शेवटी काळा. तपकिरीवर थांबलेली चटई अर्धकच्ची. पक्की खूण हवी असेल तर कडेची काडीएवढी पट्टी कापून हूडखाली पेटत्या काडीला लावावी. नीट झालेली पट्टी नुसती लाल होते आणि विझते. कच्ची वितळून गोळा होते किंवा ज्योत धरते. एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपटाचं यंत्र) मिळत असेल तर २२४३ सेंमी⁻¹ चा नायट्राइलचा पीक बसलेला आणि १५९० च्या आसपासचा उठलेला दिसला पाहिजे. २२४३ वाला पूर्ण नाहीसा व्हायची वाट बघू नये. तोवर तंतू जास्त भाजून ठिसूळ झालेला असतो.

नऊशे अंश

आता कार्बनायझेशन, म्हणजे हवेशिवाय तापवून तंतूचा कार्बन करणं : ट्यूब फर्नेस (नळीची भट्टी), नायट्रोजन, मिनिटाला ५ अंश, ८०० ते ९०० अंश, एक तास. या पायरीत खुबी कमी, शिस्त जास्त. ५० मि.मी. व्यासाच्या एक मीटर नळीत जवळजवळ दोन लिटर हवा असते. मिनिटाला २०० मि.लि. वायू सोडला तर एक भरणा बदलायला १० मिनिटं, आणि निदान पाच भरणे बदलले पाहिजेत. म्हणजे तापवण्याआधी ५० मिनिटं नुसता वायू. ही ५० मिनिटं वाचवणाऱ्यांना नळीत चटईऐवजी करडी राख सापडते. नायट्रोजन ९९.९९९ टक्क्यांचा घ्यावा. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, सहज मिळणारा औद्योगिक नायट्रोजन फॅब्रिकेशनला ठीक आहे. त्यातला ऑक्सिजन आणि ओल ८०० अंशांवर कार्बन खात बसतात आणि वजन दर वेळी वेगळं येतं. सात घनमीटरच्या सिलिंडरवर, थंड व्हायचा वेळ धरून दहा तासांची एक फेरी मानली, तर पन्नासाहून जास्त फेऱ्या निघतात. त्याच्या आतच सिलिंडर संपत असेल तर कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी लावून बघा.

इथे चटई दोन ग्रॅफाइटच्या पाट्यांमध्ये ठेवायची, हलकं वजन पुरे. ग्रॅफाइट फाउंड्रीच्या पुरवठादारांकडे मिळतं, बेळगावात त्यांची वाण नाही. फक्त नव्या पाट्या एकदा रिकाम्या नायट्रोजनमध्ये ९०० अंशांवर भाजून घ्याव्यात, त्यांच्यावर तेल असतं. बाहेर पडणारा वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातून बुडबुडत न्यायचा आणि मगच हूडमध्ये. त्या पाण्यात सायनाइड साठत जातं, त्याला ॲसिडचा थेंबही लागता कामा नये. मधेच वीज गेली तर काही करायचं नाही : वायू चालू ठेवायचा, नळी बंद ठेवायची, शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही.

८०० की १०००? पॅनमधला नायट्रोजन ८०० ला बराच टिकतो आणि पाण्याच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडी जास्तीची धारिता देतो, पण वीज वाहण्याची ताकद कमी असते. १००० ला वहनक्षमता वाढते, नायट्रोजन उडतो. सुरुवात ९०० ने करावी असं माझं मत.

छिद्रं

नुसत्या पॅनच्या नॅनोफायबरला आतली छिद्रं फारशी नसतात. तीन रस्ते आहेत. पॅनमध्ये पीएमएमए (ॲक्रिलिक काचेचं पॉलिमर) मिसळायचं, वजनाने ७ ला ३. कार्बनायझेशनमध्ये पीएमएमए मोनोमर होऊन उडून जातं आणि पोकळ्या राहतात. नवशिक्यांनी इथून सुरू करावं, वेगळी पायरी लागत नाही. दुसरा, ८०० अंशांवर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड. वजनात २५-३० टक्के घट होईपर्यंत ठीक, पुढे चटई हातात धरवत नाही. तिसरा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पृष्ठभागाचे आकडे डोळे दिपवतील असे येतात, पण क्वार्ट्झची नळी खराब होते, धातुरूप पोटॅशियमची वाफ थंड टोकाला जमते आणि पाणी लागलं की पेट घेते. पहिल्या प्रोजेक्टला हा रस्ता नको.

नुसत्या पृष्ठभागाच्या मागे लागण्यात अर्थ का नाही, ते दक्षिण कोरियातल्या किम आणि यांग यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं. पॅनच्या चटईला वाफेने ॲक्टिव्हेट केलं तेव्हा ७०० अंशांच्या नमुन्याचा पृष्ठभाग सगळ्यात जास्त आला, आणि मंद प्रवाहावर, ग्रॅमला १० मिलिॲम्पिअरला, त्याने १७३ फॅरड प्रति ग्रॅम दिले. प्रवाह ग्रॅमला १ ॲम्पिअरवर नेल्यावर मात्र ८०० अंशांचा नमुना १२० फॅरडने पुढे गेला, पृष्ठभाग कमी असूनही, कारण त्यात मध्यम आकाराची छिद्रं जास्त होती. बारीक छिद्रांत आयन वेळेवर पोचले नाहीत तर त्या पृष्ठभागाचा उपयोग काय?

उसाच्या पट्ट्यातली मुलं हमखास विचारतात, बगॅसचं (उसाच्या चिपाडाचं) काही करता येईल का. येतं. बगॅसमधलं लिग्निन (वनस्पतीला ताठपणा देणारा घटक) वेगळं काढून पॅनमध्ये अर्ध्यापर्यंत मिसळता येतं, पण बगॅसमध्ये सिलिका बरीच असते. अल्कलीने लिग्निन काढताना ती बरोबर येते. ॲसिडने साका पाडून, गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन राख १ टक्क्याच्या खाली आणल्याशिवाय कातायला घेऊ नये. आणि स्टॅबिलायझेशनचा वेग अर्धा अंश प्रति मिनिट करावा लागतो, लिग्निन लवकर मऊ पडतं. निपाणीच्या तंबाखूच्या काड्यांचा तंतू करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांचा ॲक्टिव्हेटेड कार्बन करा, तो वेगळा आणि सोपा विषय आहे.

सेल

नाणं-सेलचं (बटणासारख्या चपट्या सेलचं) तोंड दाबून बंद करणारं क्रिम्पर नसेल तर उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरकडून टेफ्लॉनचा सेल करून घ्यावा. ३० मि.मी. टेफ्लॉन रॉडला आरपार १२.१ मि.मी. भोक, दोन्ही बाजूंनी १२ मि.मी. चे ३१६ स्टीलचे रॉड, टोकं आरशासारखी घासलेली, एका बाजूला स्प्रिंग. स्प्रिंग गाळू नये. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतं, आज कसलेला सेल चार दिवसांनी सैल होतो आणि रेझिस्टन्स वाढलेला दिसतो.

चटईतून १२ मि.मी. च्या चकत्या पंचने पाडायच्या, कात्रीने कड पिंजते. त्या १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये दोन तास वाळवून डेसिकेटरमधून काढल्या काढल्या वजन करायचं. पावसाळ्यात सच्छिद्र कार्बन तराजूवरच पाणी ओढतो आणि आकडा डोळ्यादेखत चढत जातो. चकती २ मिलिग्रॅमची असेल आणि तराजू ०.१ मिलिग्रॅमचा, तर चूक ५ टक्क्यांची झाली, ०.०१ चा तराजू शोधा. दोन्ही चकत्यांचं वजन शक्य तितकं सारखं घ्या.

इलेक्ट्रोलाइट तीन. ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड : १०० मि.लि. ला शुद्ध धरून ३३.७ ग्रॅम, पण बाटलीतल्या गोळ्या ८५ टक्क्यांच्या असतात, म्हणून जवळजवळ ४० ग्रॅम. १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड : १०० मि.लि. ला ९८ टक्क्यांचं साडेपाच मि.लि., ॲसिड पाण्यात, कधीही उलट नाही. १ मोलर सोडियम सल्फेट : निर्जल १४.२ ग्रॅम. पहिल्या दोघांत सेल १ व्होल्टच्या आत ठेवावा, सल्फेटमध्ये १.६ पर्यंत जाता येतं. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

करंट कलेक्टरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडमधून वीज बाहेर नेणाऱ्या भागात, बऱ्याच जणांची फसगत होते. ॲल्युमिनियम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडबुडे सोडत विरघळतं. निकेल फोम त्यात टिकतो, पण त्याची स्वतःची रेडॉक्स क्रिया असते. चकती २ मिलिग्रॅमची आणि फोम त्याच्या कितीतरी पट वजनाचा असेल तर मोजलेली धारिता कुणाची हे सांगता येत नाही. रिकाम्या फोमची चाचणी घेतल्याशिवाय आकडा छापू नये. ॲसिडमध्ये ग्रॅफाइट फॉइल, दुसरं काही नको. टर्नरने केलेल्या स्टीलच्या रॉडवरही फॉइलची चकती बसवायची.

कार्बन चटई पाणी झिडकारते. कोरड्या चकतीवर इलेक्ट्रोलाइटचा थेंब टाकला तर तो गोल होऊन बसतो, आत जात नाही. चकती आधी इथेनॉलमध्ये भिजवायची, मग तीन वेळा इलेक्ट्रोलाइटने बदलायची, आणि शेवटी तशीच बुडवून व्हॅक्यूममध्ये अर्धा तास ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की झालं. हे न केल्यास पहिल्या पाचशे सायकलींत धारिता 'वाढत' जाते आणि अहवालात तिला ॲक्टिव्हेशन म्हटलं जातं. प्रत्यक्षात चटई तेव्हा कुठे भिजत असते. मधे ग्लास फायबरचा सेपरेटर, चकतीपेक्षा किंचित मोठा, काठाने शॉर्ट होऊ नये म्हणून.

आकडे

समजा दोन्ही चकत्या प्रत्येकी २ मिलिग्रॅम, प्रवाह २ मिलिॲम्पिअर, १ व्होल्टपर्यंत चार्ज. डिस्चार्ज सुरू होताच व्होल्टेज ०.०२ ने खाली बसलं आणि ०.९८ पासून शून्यावर यायला ४९ सेकंद लागले. सेलची धारिता : ०.००२ × ४९ ÷ ०.९८ = ०.१ फॅरड. दोन्ही चकत्यांचं वजन ४ मिलिग्रॅम, म्हणजे सेलच्या हिशेबाने २५ फॅरड प्रति ग्रॅम. एका इलेक्ट्रोडची विशिष्ट धारिता याच्या चौपट, १००. हे चार कुठून आले? दोन कॅपॅसिटर मालिकेत आहेत म्हणून दोन, आणि वजन एकाचंच धरायचं म्हणून आणखी दोन. घोटाळा ऊर्जेच्या वेळी होतो : १०० हा आकडा सूत्रात घातला की ऊर्जा चौपट फुगते. ऊर्जेला सेलचे २५ च घ्यायचे : ½ × २५ × ०.९८² = १२ ज्यूल प्रति ग्रॅम, भागिले ३.६, म्हणजे ३.३ वॉट-तास प्रति किलो. तेही फक्त कार्बनचं वजन धरून. इलेक्ट्रोलाइट, सेपरेटर, कलेक्टर, डबा धरला की याचा तिसरा-चौथा हिस्साच उरतो.

रेझिस्टन्स त्याच रेघेत मिळतो. प्रवाह +२ वरून −२ झाला, म्हणजे फरक ४ मिलिॲम्पिअर, ०.०२ ÷ ०.००४ = ५ ओहम. याच्या वर दिसलं तर आधी दाब आणि संपर्क बघा, मटेरियलला नंतर दोष द्या. इम्पिडन्सच्या (वेगवेगळ्या वारंवारतेला मोजलेल्या रोधाच्या) आलेखात डावीकडे दिसणारं मोठं अर्धवर्तुळ बहुधा चटई आणि कलेक्टरच्या मधल्या संपर्काचं असतं. स्प्रिंग बदलून ते लहान झालं की खात्री पटते. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचा (व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह मोजायच्या चाचणीचा) आयत तिरका होऊन पानाच्या आकाराला आला तर तोही रेझिस्टन्सच, आणि वरच्या टोकाला शेपूट फुटली तर पाणी फुटायला लागलंय, व्होल्टेज ०.१ ने खाली आणा.

ग्रॅमच्या आकड्याबरोबर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम ते लिहिलंच पाहिजे. वरच्या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौ. सेंमी, म्हणजे १.८ च्या आसपास. बाजारातल्या इलेक्ट्रोडवर हे प्रमाण १० च्या घरात असतं. पातळ चटईवर ३०० फॅरड प्रति ग्रॅम काढणं फार कठीण नाही. तेच जाड चटईवर काढून दाखवा म्हटलं की आवाज खाली येतो. शिवाय चटई पोकळ असते, घनता पाव ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे घनफळाच्या हिशेबात ती करवंटीच्या कार्बनपुढे मागे पडते. परीक्षकाने हा प्रश्न विचारला तर रागावू नये, रास्त प्रश्न आहे.

दहा हजार सायकलींची चाचणी ग्रॅमला १ ॲम्पिअरने लावली तर एका सायकलला शंभर सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. ५ ॲम्पिअरने लावली तर सव्वादोन दिवसांत आटोपते. मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. नुसतं मशीन चालू राहिलं आणि कॉम्प्युटर बंद पडला तर सायकली होतात पण डेटा मिळत नाही. सुरू करण्याआधी एकदा स्वतःहून मेन बंद करून बघावं, म्हणजे काय टिकतं ते कळतं.

शेवटी सेल उघडून बघायचा, हे फार थोडे करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सेलच्या सांध्यांवर पांढरी पावडर दिसली तर इलेक्ट्रोलाइट बाहेर सरपटत येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कार्बोनेट झालाय. धारिता घसरली ती बहुधा सेपरेटर कोरडा पडल्यामुळे, कार्बन बिचारा ठीक असतो. ओ-रिंग ईपीडीएम रबराची बसवून, ताजा इलेक्ट्रोलाइट भरून तीच चकती पुन्हा लावा. आकडा परत वर आला तर दोष डब्याचा होता. नाही आला तर प्लस बाजूची चकती सूक्ष्मदर्शकाखाली न्या, ऑक्सिडेशनने तंतू कुठे झिजलेत ते तिथे दिसेल.